काकींची दहा उत्तरं

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सात वर्षं मस्कतला होतो. माझं बी.ए., बी.एड. तिथे कुणाच्या कामाचं नव्हतं. शेजारच्या केरळी बाईचा मुलगा इंग्लिशमध्ये कच्चा होता, त्याला सहज म्हणून घेऊन बसले. त्याचे मार्क वाढले, त्याची आई चार ठिकाणी बोलली आणि वर्षभरात दुपारी माझी बाहेरची खोली पोरांनी भरायला लागली. पुढे मोठी माणसंही आली. एका ओमानी बाईला नवऱ्याला बरोबर न नेता डॉक्टरशी स्वतः बोलायचं होतं. एका पाकिस्तानी शिंप्याला गिऱ्हाइकांपुरतं इंग्लिश हवं होतं. मी चांगलं शिकवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ते कुठे दिसणार नाही.

तिथे एका मोठ्या घरातल्या आईने पहिल्याच भेटीत मला विचारलं, "तुमचं इंग्लिश इंडियन आहे का?" मी नाही म्हणाले. कऱ्हाडात शिकलेल्या बाईचं इंग्लिश दुसरं कुठलं असणार? पण नाही म्हणाले, आणि त्या दिवसापासून शब्द जरा नाकातून, जरा घोळवून बोलायला लागले. शिकवणी चालू असताना कऱ्हाडहून आईचा फोन आला की मी न्हाणीघरात जायचे आणि नळ सोडून बोलायचे, पोरांना माझं मराठी ऐकू जाऊ नये म्हणून. आईला वाटायचं, मुलगी सदा न कदा धुणंच धुते. "एखादी बाई ठेव गं कामाला," म्हणायची. खोलीच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता, 'इंग्लिश ओन्ली'. तो पोरांसाठी आहे, असं मी स्वतःला सांगत असे.

परत आलो ते घणसोलीला. आमची सोसायटी गावठाणाला अगदी खेटून आहे. मागच्या खिडकीतून गावातली एकमेकांना टेकलेली घरं, गच्च्यांवरचे पत्रे आणि पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात. सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला, की लहान मुलांना आणि मोठ्यांना इंग्लिश शिकवते, परदेशात शिकवण्याचा सात वर्षांचा अनुभव आहे. परदेश कुठला ते लिहिलं नाही. लोकांनी आपापल्या मनाने एखादा गोऱ्यांचा देश धरला. कुणी थेट विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन बोलले नाही. दारावरचा कागद मात्र नवा लिहून इथेही लावला.

काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा चारच्या बॅचची मुलं बसलेली होती. चपला बाहेर काढून त्या दारावरच्या कागदाकडे बघत उभ्या राहिल्या. वय साठीला टेकलेलं, अंगाने भक्कम, अंबाड्यात चाफ्याचं फूल. गावातल्याच. त्यांची भातशेती शहराखाली गेली, आता खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. भाडेकरू पार बिहार-बंगालपर्यंतचे, आणि त्यांची भांडणं, आजारपणं, पाण्याच्या पाळ्या हे सगळं काकी एकट्या बघतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"मॅडम, माजी पोर फॉरेनला हाय. पोटुशी हाय, पाचवा लागलाय. पयला बालंतपन, मना जायाचा हाय. व्हिसाचा साहेब इंग्लिशमदी इचारतंय बोलतात. मना शिकवाल काय?"

जावयाला आई नव्हती. तिकडे दुसरं बाईमाणूस कुणी नव्हतं. लेक इंजिनिअर होती, हुशार होती, पण बाळ आंघोळीला कसं घ्यायचं हे काही कॉलेजात शिकवत नाहीत, असं काकी म्हणाल्या. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांकडून काही चूक झालेली नाही, उगाच त्यांना यात ओढायला नको.

मोठ्यांची बॅच माझी सकाळी असायची, पण सकाळी काकींना सवड नसायची, म्हणून त्या चौथीच्या मुलांबरोबरच बसायला लागल्या. मुलांना त्या फार आवडल्या. त्या हळूच कुणाला तरी मराठीत विचारायच्या, "ए बाला, ह्याचा अर्थ काय रं?" आणि चार पोरं एकदम सांगायला धावायची. मी पेन्सिलीने दारावरच्या कागदाकडे खूण करायचे. मग काकी ओशाळून गप्प बसायच्या आणि पोरंही गप्प बसायची.

त्यांना हात रिकामे ठेवता यायचे नाहीत. जुन्या सुती लुगड्यांचे चौकोन कापून त्या बाळाची दुपटी शिवत बसायच्या. चार दुपटी झाली आणि पाचवं हातात होतं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काकी, क्लासमध्ये शिवण नको, लक्ष जातं." लक्ष कुणाचंच जात नव्हतं. सोसायटीतल्या एक बाई मुलाला सोडायला आल्या होत्या आणि त्यांनी ते लुगड्याचे तुकडे बघितले, एवढंच झालं होतं. काकींनी शिवण पिशवीत ठेवलं. त्यानंतर त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायच्या. ते हात तसे नुसते पडलेले बघवायचे नाहीत, तरी मी माझा शब्द मागे घेतला नाही.

शिकण्यात मात्र त्या तेज होत्या. महिन्याभरात नाव, गाव, घरची माणसं, आज काय केलं, उद्या काय करणार, एवढं त्या बोलायला लागल्या. आमच्या गेटवरच्या वॉचमनला 'गुड इव्हनिंग' म्हणायच्या आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा. चुका करायच्या, पण चुकण्याची भीती त्यांना नव्हती. समोरच्याशी बोलणं झालं म्हणजे झालं. असा विद्यार्थी मिळणं हे शिकवणाऱ्याचं भाग्य असतं. त्यांना तसंच बोलतं ठेवायचं सोडून मी काय केलं, तर त्यांच्यासाठी दहा उत्तरं लिहिली.

व्हिसाच्या मुलाखतीला काय विचारतात, याची माझी सगळी माहिती सोसायटीच्या बागेत संध्याकाळी बसणाऱ्या बायकांकडून आणि मोबाईलवरच्या दोन-तीन व्हिडिओंतून आलेली होती. मी आयुष्यात कधी कुठल्या वकिलातीच्या खिडकीसमोर उभी राहिले नव्हते. मस्कतचे कागद नवऱ्याच्या कंपनीने केले होते, मी नुसते फोटो काढून दिले होते. पण काकी माझ्याकडे बघायच्या त्या 'मॅडम सगळं फिरून आल्यात' अशा नजरेने, आणि ती नजर मला सोडवत नव्हती. एका वहीत मी प्रश्न लिहिले, त्याखाली उत्तरं लिहिली, आणि इंग्लिश उच्चार देवनागरीत काढून दिले. तुमचं घर आहे का, घरी कोण असतं, परत कधी येणार, असे सगळे प्रश्न. काकी वही कमरेला खोचून फिरायच्या आणि भाजी निवडताना, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असताना उत्तरं म्हणायच्या.

अडल्या त्या चौथ्या उत्तराशी. प्रश्न होता, तुम्ही कशासाठी जाताय? मी उत्तर लिहिलं होतं, मी प्रसिद्ध ठिकाणं बघायला आणि मुलीला भेटायला जातेय.

"पन मी तर बालंतपनाला जातंय," काकी म्हणाल्या.

"ते नाही सांगायचं. बाळंतपण म्हटलं की ते म्हणतात, ही बाई कामाला चाललीय. मग व्हिसा नाही देत."

"पोरीचा बालंतपन म्हंजे काम काय?"

मी हसले. "काकी, त्यांच्याकडे असंच असतं. बाळाचं नावच काढायचं नाही." त्यांच्याकडे कसं असतं, हे मला काडीचं ठाऊक नव्हतं. बागेतल्या एका बाईच्या जावेच्या बहिणीचं असं झालं होतं म्हणे, तेवढ्यावर मी हे ठोकून दिलं. काकींना ते पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मॅडम म्हणतात म्हणून त्यांनी ते पाठ केलं. पुढे मी तीन प्रसिद्ध ठिकाणांची नावंही लिहून दिली.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी काकी जरा घुटमळत म्हणाल्या, "पोरगी बोलते, आई, तू मराठीनच बोल. तिथं मराठीवाला मानूस असतंय, तो साहेबाला सांगतंय. जा खरा हाय ता सांग, बोलते."

खरं तर इथेच सगळं नीट व्हायचं. लेक त्या देशात राहणारी, तिला माहीत असणार, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण मला राग आला. दोन महिने मी घासून तयार केलेली विद्यार्थिनी ऐन वेळी मराठीत बोलणार, मग मी शिकवलं ते कशासाठी? आणि राग त्याहूनही क्षुद्र गोष्टीचा होता. बागेतल्या बायकांना मी सांगून बसले होते की साठ वर्षांची माझी विद्यार्थिनी व्हिसाची मुलाखत इंग्लिशमध्ये देणार आहे. ग्रुपवर टाकायचा मेसेजसुद्धा मनात तयार होता. त्यातल्या फोटोत काकी हातात पासपोर्ट घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"मराठीत बोललात ना काकी, की त्यांना वाटतं, अडाणी बाई आहे, तिथे एकटी काय करणार," मी म्हटलं. "तुम्ही किती तयार झालात, ते तुमच्या लेकीला कुठे माहीत आहे? कुणी हिंदी का मराठी विचारलं तरी म्हणायचं, नो सर, इंग्लिश ओन्ली."

अडाणी हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला. त्यांनी मान खाली घालून वही उघडली आणि ते वाक्यही लिहून घेतलं. मुलांसाठी फळ्यावर लिहिलेले शब्द बघून त्या जसं एकेक अक्षर दाबून लिहीत, तसंच तेही लिहिलं.

मुलाखतीच्या दिवशी काकींचा मुलगा त्यांना गाडीने घेऊन गेला. त्याला बाहेरच थांबावं लागलं. मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते. फोन आला नाही. चार वाजता काकी स्वतःच आल्या, हिरवी नवी साडी नेसलेल्या, गळ्यात ठसठशीत माळ घातलेल्या. मुलांनी विचारलं, "आजी, झालं?" त्यांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी मुलांना त्या दिवशी घरी पाठवलं. तेही काकींसाठी नाही, माझ्यासाठी. त्या काय सांगणार ते मुलांनी ऐकायला नको होतं.

रांगेत एक बाई प्रत्येकाला विचारत होती, मराठी, हिंदी, गुजराती की इंग्लिश. काकींनी इंग्लिश सांगितलं. पुढच्या-मागच्या सगळ्या बायका मराठी-हिंदीच्या खिडक्यांकडे गेल्या आणि काकी एकट्या कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतला साहेब तरुण होता, "आपल्या पोरावानी," काकी म्हणाल्या. त्याने हसून नमस्ते केलं. पहिली तीन उत्तरं छान गेली. मग त्याने विचारलं, कशासाठी जाताय. काकींनी चौथं उत्तर दिलं. कुठली ठिकाणं बघणार, तो म्हणाला. काकींनी एक नाव सांगितलं, पुढची दोन आठवेनात. पुढ्यातले कागद त्याने चाळले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, आपण मराठीत बोलायचं का, मराठी बोलणाऱ्या मॅडम आहेत, बोलावतो.

"नो सर, इंग्लिश ओन्ली," काकी म्हणाल्या.

मग त्याने अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुमची मुलगी प्रेग्नंट आहे का? तो शब्द काकींना चांगला माहीत होता. लेकीने फोनवर तो शंभरदा उच्चारला होता.

"मी नो सर बोल्ली," काकी मला म्हणाल्या. "तुमी बोल्लेल्या ना, बालाचा नाव काढाचा नाय."

लेकीने कागदांबरोबर डॉक्टरचं पत्र जोडलेलं होतं. कितव्या महिन्यात आहे, तारीख कधीची, सगळं त्यात होतं. तेच पत्र साहेबाच्या हातात होतं. त्याने पासपोर्ट परत दिला, बरोबर एक छापील कागद दिला आणि सॉरी म्हणाला. काकींना वाटलं, कागद दिला म्हणजे झालं काम. बाहेर आल्यावर मुलाने वाचून सांगितलं, व्हिसा नाकारलाय.

"मॅडम, माजा काय चुकला?" त्यांनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. मुलं चुकलेल्या गणिताची वही पुढे करतात, तसं त्या विचारत होत्या.

मी म्हणाले, "काकी, नशिबाचा भाग असतो. सगळं त्या साहेबाच्या मर्जीवर असतं." जो माणूस सरळ विचारत होता, मराठीत बोलवत होता, त्याच्यावर मी ढकलून मोकळी झाले. काकींनी मान डोलावली. पुन्हा अर्ज करायचा तर मिळणारी तारीख बाळंतपणाच्या कितीतरी पुढची होती. दुपटी, अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळं मुलाने डबाबंद करून तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवलं. जायचं होतं ते माणूस इथेच राहिलं.

गावात काकींना लोक विचारायचे. त्या सांगायच्या, "मॅडमनी बरोबर शिकवलेला, मनाच आठवला नाय." हे मला आमच्या वॉचमनने सांगितलं, कौतुकाने. तेव्हा तरी मी जाऊन काकींच्या मुलाला सांगायला हवं होतं, की अरे, तिचं काही चुकलं नाही, मीच चुकीचं पढवलं. रोज ठरवायचे. रोज काहीतरी निमित्त निघायचं, आणि निमित्त निघालं की मला बरं वाटायचं.

बाळ झालं, मुलगी झाली. बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी काकींच्या मुलाची मुलगी मला बोलवायला आली. "आजीनी बोलवलंय. आत्याला तुमच्याशी बोलायचंय," म्हणाली. मी केस नीट करून गेले. मला वाटलं, पोरीला आभार मानायचे असतील. अजूनही मला तसं वाटू शकत होतं, यावरून मी कुठल्या मातीची आहे ते समजावं.

काकींच्या बाहेरच्या खोलीत फोन एका डब्याला टेकवून उभा केला होता. फोनमध्ये त्यांची लेक न्हाणीघरात खाली बसलेली दिसत होती, मांडीवर उघडं बाळ, बाजूला बादली. तिकडे संध्याकाळ होती. जावयाने फोन धरला होता आणि तो हलत होता. लेकीचे केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"अशे पाय लांब कर," काकी म्हणत होत्या. त्या स्वतः फरशीवर बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत सारून, दोन्ही पाय सरळ पसरून. पायांवर बाळाच्या जागी टॉवेलची गुंडाळी ठेवली होती. "पालथी घाल तिला. मान तुज्या पायाचे बाहेर येव दे. घाबरू नको. पानी पाठीवरना सोड, हलू." आणि हाताने त्या टॉवेलवर नसलेलं पाणी सोडून दाखवत होत्या. तिकडे बाळ किंचाळलं. लेकीने तांब्या खाली ठेवला आणि ती रडायला लागली. "आई, मला नाही जमत." काकी म्हणाल्या, "जमतंय गो. परत घे." आणि टॉवेल पुन्हा पायांवर नीट केला. मी दारातच उभी राहिले. मला त्या टॉवेलकडे बघवेना.

आंघोळ कशीबशी झाली. जावई बाळाला घेऊन गेला. मग लेकीने मला बघितलं.

"मॅडम, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मी आईला सांगितलं होतं, मराठीत बोल, खरं ते सांग म्हणून. मग इंग्लिशचं तिला कुणी सांगितलं? आणि फिरायला जाते, हे कुणी सांगितलं?"

उत्तर तयार नव्हतं, तरी ते आलं. "अगं, मीही तेच म्हणत होते, मराठीत बोला म्हणून. पण त्यांनीच हट्ट धरला. एवढं शिकले तर इंग्लिशच बोलणार म्हणाल्या." आणि एवढ्यावर थांबले नाही. "फिरायचं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं असेल."

काकींचे पाय अजून तसेच पसरलेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग फोनकडे बघून म्हणाल्या, "हां गो. मीच हट्ट केला. मॅडम नको बोल्ल्या व्हत्या."

"आई, तू पण ना," लेक म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली, आईवर चिडून. "तुझ्या हट्टापायी मी इथे एकटी आहे." काकींनी ते ऐकून घेतलं. बाळाला वेखंडाची धुरी दे, पोटाला पट्टा बांध, गरम पाणी पी, असं सांगत त्यांनी हळूहळू तिला शांत केलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "काकी..."

"तिचे टाके ओले हायत," काकी पाय आखडून उठत म्हणाल्या. "आता तिला कोनाशी भांडाला लावाचा नाय." त्यांनी टॉवेलची गुंडाळी सोडली, झटकली आणि दोरीवर टाकली. मग विचारलं, "चाय घेता?"

मी नको म्हणाले आणि घरी आले. चार वाजता मुलं आली, त्यांना मी शिकवलं. काकी त्यानंतर क्लासला आल्या नाहीत. गेटवर, भाजीवाल्यापाशी भेटल्या की पहिल्यासारख्याच "काय मॅडम, बरा हाय ना?" विचारायच्या. तोंड फिरवलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मला आपली बाजू मांडायला काहीतरी मिळालं असतं. तेही त्यांनी दिलं नाही. मुलं विचारायची, आजी का येत नाहीत. त्यांना काम असतं, असं मी सांगायचे.

तोंडावर खरं सांगायचं ते मी या काळात किती प्रकारे पाठ केलं, याला गणती नाही. भांडी आवरताना, बाजारातून येताना मी मनात लेकीशी बोलायचे. मी म्हणायचे, तुझ्या आईने माझं ऐकलं, एवढीच तिची चूक. मी म्हणायचे, मी खोटं बोलले आणि तुझ्या आईने ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी उचललं. मराठीत म्हणायचे. वाक्यं चांगली होती. तिचा नंबर काकींच्या मुलाकडून कधीही मिळाला असता, पण मी म्हणायचे, असलं फोनवर बोलू नये, ती येईल तेव्हा समोर बसून सांगू.

ती आली. बाळ तेव्हा उभं राहायला लागलं होतं. मला वाटलं होतं की मलाच तिच्या घरी जावं लागेल आणि ते मी पुढे ढकलत राहीन, पण दुसऱ्याच दिवशी दुपारी काकी, लेक आणि तिची छोटी, तिघी माझ्या दारात. लेकीने माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. काकी सोफ्यावर बसल्या, नातीला दोन्ही हात धरून मांडीवर उभी केली. पोर त्यांच्या माळेशी खेळत होती. दहा-अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती आजीच्या अंगावर होती, आणि आजी तिला क्षणभरही खाली ठेवत नव्हती.

लेक माझ्याजवळ येऊन बसली. "मॅडम, त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला असं विचारलं, ते मला नंतर फार लागलं," ती म्हणाली. "मी झोपेशिवाय होते, डोकं जागेवर नव्हतं. आईचा स्वभाव मला माहीत आहे, एकदा मनात घेतलं की कुणाचं ऐकत नाही. तुम्ही तिच्यासाठी एवढं केलंत आणि मी तुमच्यावरच संशय घेतला. खूप दिवस सांगायचं होतं. सॉरी."

तिने माझा हात हातात घेतला होता. पाठ केलेलं सगळं माझ्याजवळ होतं. बोलायला भरपूर वेळ होता, कारण तिचं बोलणं संपलं होतं आणि कुणीही मध्ये बोलत नव्हतं. काकींनी नातीला मांडीवर बसवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांनी माझ्या आधी तोंड उघडलं नाही.

मी म्हणाले, "असू दे गं, होतं असं." आणि मी तिला माफ केलं.